कपची फायनल, तापलेलं वातावरण आणि नवीन रेफरी : आधीच काय ठरवायचं, काय नाही

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू नुकताच फुटबॉल रेफरीची परीक्षा पास झाला, आतापर्यंत साध्या लीग मॅचेस केल्या आणि आता नागपुरातल्या शाळांच्या अंडर-१४ कपची फायनल तुझ्याकडे आली. मागच्या वर्षी ह्याच दोन शाळांची सेमी भांडणात संपली होती, आठवडाभरापासून दोन्हीकडचे पालक व्हॉट्सॲपवर एकमेकांना सुनावून राहिले, आणि कोणीतरी तुझ्या कानात घातलं की एका टीमचा ८ नंबर फार रफ खेळतो आणि दुसऱ्या टीमचा ११ नंबर बॉक्समध्ये (गोलसमोरच्या पेनल्टी एरियात) मुद्दाम पडतो. तर तू विचारतो की पहिल्या पाच मिनिटांतच कोणाला तरी कार्ड दाखवून धाक बसवू का, म्हणजे मॅच हातात राहील. आणि रात्री झोप येत नाही त्याचं काय करू, हे पण.

कार्डाचं उत्तर आहे नको. पण का नको हे सांगायला जरा वेळ लागेल, कारण खरा प्रॉब्लेम कार्डाचा नाहीच आहे आणि माझ्या मते टेन्शनचाही नाही. टेन्शन आहे ते चांगलं आहे, फायनलच्या आदल्या दिवशी ज्याला काहीच वाटत नाही तो रेफरी मला नको वाटतो. प्रॉब्लेम हा आहे की मॅच तुझ्या डोक्यात आधीच सुरू झाली आणि अर्धी संपली पण. ८ नंबर तुझ्या डोक्यात आताच गुन्हेगार आहे, ११ नंबर आताच खोटारडा आहे. उद्या मैदानावर ८ नंबर साधा टॅकल करायला निघाला की त्याचा पाय बॉलला लागायच्या आधीच तुझी शिट्टी तोंडात असेल, आणि ११ नंबरला खरंच कोणी पाडलं तर तू हात हलवून खेळा खेळा म्हणशील. मी नवीन रेफरींच्या मॅचेस बाहेर उभं राहून बघतो तेव्हा हे सतत दिसतं. शिट्टी चुकली म्हणून नाही, शिट्टी लवकर वाजली म्हणून मॅच बिघडते.

रेफरीला अंदाज तर बांधावाच लागतो, नाही बांधला तर तो नुसता बॉलच्या मागे पळत राहील आणि प्रत्येक घटनेला उशिरा पोचेल. पण अंदाज बांधायचा तो खेळ कुठे जाणार याचा. फाऊल कोण करणार, पेनल्टी कोणाला द्यायची वेळ येणार, हा अंदाज घेऊन मैदानात उतरायचं नाही. बाकी सगळं मी याच एका गोष्टीभोवती सांगणार आहे.

पहिले जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुझी स्पर्धा कोणती, मैदान कोणतं, लाइनवर शिकलेले असिस्टंट मिळणार की दोन्ही शाळांचा एक-एक पीटी सर झेंडा घेऊन उभा राहणार, यावर बरंच ठरतं. फुटबॉलचे १७ कायदे सगळीकडे तेच, पण त्याच कायद्यांत लिहिलं आहे की युवा आणि ग्रासरूट मॅचसाठी मैदानाचा आकार, बॉलचा साइज, हाफ किती मिनिटांचा, बदली खेळाडू परत आत येऊ शकतो का, हे स्पर्धा चालवणारे बदलू शकतात. म्हणजे हे तुला माझ्याकडून कळणार नाही, स्पर्धेच्या परिपत्रकातून कळेल. ते आजच मागव, आणि फोनवर "तसंच असतं नेहमीसारखं" असं उत्तर मिळालं तर त्यावर समाधान मानू नको, लेखी घे. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम आहे की सरळ पेनल्टी किक्स, हा एकच मुद्दा फायनलच्या शेवटच्या मिनिटाला टेबलवर वाद होताना मी पाहिला आहे, तिकडे पोट्टे मैदानावर थंड होऊन राहिले आणि इकडे मोठी माणसं कागद शोधून राहिली.

वातावरण एवढं तापतं का, हेही समजून घे, त्याने पालकांवरचा राग कमी होतो. नॉकआउट म्हणजे एक हार आणि सीझन संपला. सुब्रतो कपचंच बघ, हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जींच्या नावाने १९६० पासून चालू आहे, शाळेची टीम जिल्ह्यातून विभागात, विभागातून राज्यात आणि तिथून देशपातळीवर जाते. म्हणजे नागपूरच्या एखाद्या शाळेतल्या पोट्ट्यासाठी जिल्ह्याची एक मॅच हा पूर्ण प्रवासाचा दरवाजा असतो. तुझा कप त्यातला असो किंवा एखाद्या क्लबचा असो, घरच्यांना तोच दरवाजा दिसतो. आणि कामठीची टीम असली तर बघायलाच नको, तिथे तीन पिढ्या फुटबॉल खेळलेली घरं आहेत, आजोबा पण लाइनवर येऊन ऑफसाइड सांगतात. हे सगळं प्रेमच आहे, फक्त आवाज मोठा आहे.

आता कानावर आलेल्या माहितीचं काय करायचं. सगळी फेकून दे असं मी म्हणणार नाही. माझ्या पद्धतीत तिचे दोन भाग होतात. खेळाबद्दलची माहिती मी घेतो: गोलकीपरची किक लांब जाते का, कोणाचा थ्रो-इन थेट बॉक्समध्ये पडतो, डाव्या बाजूचा पोट्टा फार वेगवान आहे का, टीम मागून पास करत येते की उचलून मारते. याने मला कुठे उभं राहायचं ते कळतं. माणसाबद्दलची माहिती, म्हणजे हा रफ आहे, तो नाटकी आहे, त्यांचा कोच भांडखोर आहे, ही मी ऐकतो आणि तिथेच सोडतो. कोणी फोन करून सांगायला लागलं तर "बघतो भाऊ मैदानावर" एवढंच. आणि त्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तू असशील तर मॅचच्या आधी बाहेर पड, गुपचूप नाही, स्पर्धावाल्यांना सांगून.

खेळाबद्दलची माहिती तर तुला वॉर्म-अपमध्ये फुकट मिळते. दोन्ही टीम गरम होत असताना दहा मिनिटं नुसतं बघ. कोण डावखुरा आहे, कीपर हाताने फेकतो की पायाने मारतो, कॉर्नर कोण घेतो. बहुतेक नवीन रेफरी त्या वेळी मोबाइल बघत बसलेले असतात.

एक गोष्ट मनापासून सांगतो, नागपुरात ती जास्त लागू आहे. आपल्याकडे अकॅडमीच्या चकाचक किटमधले पोट्टे आणि वस्तीतल्या मैदानावर वाढलेले पोट्टे एकाच कपमध्ये समोरासमोर येतात. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल इथेच सुरू केलं, तेव्हापासून कितीतरी चांगले खेळाडू असेच छोट्या, दगडाच्या मैदानांवरून आले. छोट्या जागेत खेळलेला पोट्टा अंगाने चिकटून खेळतो, खांदा लावतो, बॉल सोडत नाही. ही त्याची सवय आहे आणि ती कायद्यात बसते. पण त्याच्या अंगावर जुना जर्सी, पायात घासलेले बूट, आणि लाइनवरून कोणी "रफ खेळून राहिला" ओरडलं की रेफरीचं मन पटकन मानतं. तुझा ८ नंबर कोणत्या टीमचा आहे मला माहीत नाही, पण त्याला "रफ" म्हणणाऱ्याने त्याचा टॅकल बघितला होता की कपडे, हे एकदा मनाशी विचारून घे.

तसंच उंचीचं. अंडर-१४ मध्ये एकाला मिशी फुटलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो, दोघांचं वय कागदावर सारखंच. वाढीचा झटका कोणाला बाराव्या वर्षी येतो, कोणाला पंधराव्या. आता हे दोघं बॉलसाठी खांद्याला खांदा लावून पळाले तर छोटा पडणारच, आणि पूर्ण लाइन "फाऊल!" म्हणून उठणार. मोठ्याचा खांदा खांद्यालाच लागला, हात आवळलेला होता, बॉल खेळण्याच्या अंतरात होता, तर ते फाऊल नाही, तो पोट्टा फक्त मोठा आहे. वयाने लवकर वाढलेल्या मुलावर अन्याय फार होतो आणि कोणी त्याच्या बाजूने बोलत नाही कारण तो रडत नाही. उलट छोटा पोट्टा मोठ्याच्या पायावर मागून लाथ मारतो तेव्हा सगळे हसतात आणि ते फाऊल सुटून जातं. या दोन्हीची तयारी ठेव. जो पडला तो नाही, संपर्क कसा झाला ते बघायचं.

मॅचच्या दिवशी एक तास आधी पोच. मोतीबागचं रेल्वे मैदान असो, मानकापूर असो की शाळेचं पटांगण, मैदान पूर्ण चालून बघायचं. शाळांच्या स्पर्धा बहुतेक पावसाळ्यातच येतात आणि आपली काळी माती तुला माहीत आहे, वरून वाळलेली दिसते आणि आत पाय घोट्यापर्यंत जातो. कुठे चिखल आहे, कुठे पाणी साचलं आहे हे मी मनात नोंदवून ठेवतो, कारण बॉल तिथे थांबतो आणि दोन पोट्टे जे बॉल पुढे येईल समजून पळत होते ते दोघं उशिरा पोचतात आणि पाय एकमेकांत जातात. मॅचमधले सगळ्यात वाईट टॅकल अशाच जागी होतात, त्यात राग नसतो, माती असते. बॉल त्या पट्ट्याकडे निघाला की मी आधीच तिकडे सरकलेला असतो. हाच तो अंदाज जो मी तुला बांध म्हणतो.

गोलपोस्ट हलवून बघ. हलवता येणारे गोल असतील तर ते जमिनीला घट्ट बांधलेले पाहिजेत, पोट्टे आडव्या दांड्याला लटकतात आणि पोस्ट अंगावर येतो, यात कोणाचंही ऐकायचं नाही, बांधेपर्यंत मॅच सुरू नाही. जाळी फाटलेली असेल तर आत्ताच दोरीने बांधून घे, नाहीतर बॉल आतून गेला की बाहेरून हा वाद फायनलमध्ये कोणाला नको. पेनल्टीचा ठिपका पायाने मोजून घे, ११ मीटर, चुन्याने मार्किंग करणाऱ्या माणसाने घाईत कुठेही ठेवलेला असतो. विजा चमकायला लागल्या तर सगळे आत, यात विचार करायचा नाही.

मग अंगावरच्या वस्तू. कायदा ४ सरळ सांगतो की कुठलाही दागिना चालत नाही आणि वरून टेप लावूनही चालत नाही. आपल्याकडे पोट्ट्यांच्या हातात कडं असतं, गळ्यात ताईत, मनगटाला आईने बांधलेला धागा, कानात बाळी. हे टॉसच्या वेळी काढायला सांगितलं तर पोट्टा घाबरतो, आई लाइनवरून चिडते आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच तू वाईट झाला. तासभर आधी त्यांच्या कोचकडे जाऊन हळू सांग, ज्याचं आहे त्याने घरच्यांकडे सांभाळायला द्यावं. तेव्हा दोन मिनिटांत होतं. लवकर पोचण्याचा अर्धा फायदा हाच आहे.

लाइनवर शिकलेले असिस्टंट नसतील तर झेंडा धरणाऱ्या पीटी सरांना फक्त बॉल बाहेर गेला का आणि कोणाचा थ्रो, एवढंच सांगायला सांग. ऑफसाइड तू बघणार. शाळेच्या सरांना ऑफसाइडची जबाबदारी देणं म्हणजे त्यांनाही संकटात टाकणं आहे, ते प्रामाणिक असले तरी कोणी मानणार नाही. मग तुला स्वतःला थोडं बाहेरच्या बाजूला राहून खेळावं लागेल म्हणजे शेवटच्या डिफेंडरची ओळ आडवी दिसेल. शंभर टक्के अचूक होणार नाही, मान्य कर आणि स्पष्ट दिसलं तेवढंच दे.

दोन्ही कोचना एकत्र भेट. भाषण नको, पोट्ट्यांच्या नावाने धमकी नको. हात मिळव, वेळ सांग, बदली खेळाडूंची पद्धत सांग, आणि प्रेक्षकांना लाइनपासून मागे ठेवायला स्पर्धावाल्यांकडून दोरी बांधून घे. २०१९ पासून कोच आणि टीमच्या अधिकाऱ्यांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं हे बहुतेक कोचना माहीत असतं, तू मुद्दाम सांगायची गरज नाही.

आता ते पहिल्या पाच मिनिटांचं कार्ड. फाऊलचे तीन प्रकार आहेत आणि तेवढेच लक्षात ठेव. निष्काळजीपणे केलं तर नुसती फ्री किक, कार्ड नाही. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता केलं तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त ताकद लावली, समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका झाला तर लाल. यात मिनिट कुठेच नाही. विसाव्या सेकंदाला बेपर्वा टॅकल आला तर विसाव्या सेकंदाला पिवळं द्यायचं, "आताच सुरू झाली" म्हणून सोडायचं नाही. आणि तसा टॅकल नाही आला तर धाक बसवायला म्हणून शोधायचं नाही. तेरा वर्षाच्या पोट्ट्याला साध्या ट्रिपसाठी तिसऱ्या मिनिटाला पिवळं मिळालं की उरलेली मॅच तो घाबरून खेळतो आणि तू स्वतःसाठी एक माप ठरवून बसतो, आता तसंच प्रत्येक फाऊल कार्डाचं झालं. ते माप तुला शेवटपर्यंत ओढता येणार नाही आणि दुसऱ्या टीमचा कोच बरोबर पकडेल.

धाक नाही, हजेरी पाहिजे. पहिला फाऊल झाला की शिट्टी जोरात आणि तू त्या जागी लगेच. दोन पोट्टे उठेपर्यंत तू त्यांच्यामध्ये उभा असला तर धक्काबुक्की होत नाही. उठवायला हात दे, नंबर घेऊन बोल, "आठ, पाय खाली ठेव, मी इथेच आहे." शांत आवाजात. पोट्टे ऐकतात, मोठ्यांपेक्षा जास्त ऐकतात, कारण त्यांना खेळायचं असतं. पहिल्या दहा मिनिटांत असं तीनदा झालं की पूर्ण मैदानाला कळतं की हा माणूस जवळ आहे. तुला जो कंट्रोल कार्डातून हवा होता तो इथून मिळतो.

जवळ राहायचं तर आधी निघावं लागतं, आणि इथे खरी कला आहे, म्हणून जरा थांबतो.

बॉलकडे एकटक बघू नको. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्या कमरेकडे आणि उभ्या पायाकडे बघ, मग मान वर करून त्याच्या पुढे कोण मोकळा आहे ते बघ. व्हरायटी चौकातून गाडी काढणारा माणूस समोरच्या ऑटोच्या पुढच्या चाकाकडे बघतो, ऑटोवाल्याच्या हाताकडे नाही, चाक वळलं की ऑटो वळणारच. तसंच हे. कंबर उघडली की पास बाहेर जाणार, उभा पाय बॉलच्या मागे राहिला की उचलून मारणार. तू तेव्हाच दोन पावलं टाकलेली असली की पास पोचेपर्यंत तू तिथे असतो, आणि दमतही नाही कारण धावतच नाही, सरकतो.

अंडर-१४ चा खेळ मोठ्यांसारखा नसतो हे पण अंदाजात धर. कीपरची गोल किक अर्ध्यापर्यंत जात नाही, ती पंचवीस-तीस मीटरवर घोळक्यात पडते आणि तिथे पाच-सहा पोट्टे एकमेकांवर. टीव्हीवरचे रेफरी सेंटर सर्कलजवळ उभे असतात म्हणून तूही तिथे उभा राहिला तर तो घोळका तुझ्यापासून लांब. जिथे पडणार तिथे बाजूला उभा राहा. कॉर्नर झाला आणि बॉल बाहेर आला की डिफेंडिंग टीमचा एकच वेगवान पोट्टा पुढे ठेवलेला असतो, वॉर्म-अपमध्ये तू त्याला पाहिला आहे, तर बॉल त्याच्याकडे जाणार हे धरून तू आधीच तिकडे तोंड करून निघ. नाहीतर फायनलचा सगळ्यात मोठा निर्णय, शेवटचा डिफेंडर आणि एकटा फॉरवर्ड, तू पन्नास मीटरवरून देशील. तिथे फाऊल करून गोलची नक्की संधी हिरावली का, म्हणजे लाल द्यायचं का, हे ठरवायला चार गोष्टी बघायच्या असतात: गोल किती दूर, खेळ गोलकडे चालला होता का, बॉल त्याच्या ताब्यात येण्याची शक्यता किती, आणि बाकी डिफेंडर कुठे आणि किती. पन्नास मीटरवरून यातली एकही नीट दिसत नाही. आणि बॉक्सच्या आत बॉल खेळण्याचा खरा प्रयत्न करताना फाऊल झाला असेल तर पेनल्टी आणि पिवळं, लाल नाही, हा बदल २०१६ चा आहे, पालकांपैकी बऱ्याच जणांना अजून जुनाच नियम आठवतो.

अंतरापेक्षा कोन महत्त्वाचा. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसली पाहिजे. पाच मीटरवर असून पाठीमागून बघशील तर काही दिसणार नाही, पंधरा मीटरवर बाजूने बघशील तर पाय बॉलला लागला की घोट्याला ते स्पष्ट दिसेल. तुझा तो ११ नंबर बॉक्समध्ये शिरेल तेव्हा तुला हाच कोन लागेल. पायांचं काम इथे संपतं.

आणि इथून पुढे थांबायचं. पाय आधी पोचले, आता डोकं उशिरा चालू दे. संपर्क झाला, एक क्षण जाऊ दे. काय झालं ते डोळ्यासमोर पूर्ण होऊ दे, कोणाला फायदा मिळून राहिला ते बघ, मग शिट्टी. ॲडव्हान्टेजमध्ये, म्हणजे ज्याच्यावर फाऊल झाला त्याच्या टीमला फायदा मिळेल म्हणून खेळ चालू ठेवतो तेव्हा, तर काही सेकंद थांबून फायदा नाही झाला तर मागे जाऊन फाऊल देता येतोच, कायद्यातच सोय आहे. नवीन रेफरीला वाटतं उशीर झाला तर लोक म्हणतील डोकं नाही चाललं. लोक एक सेकंद विसरतात, चुकीची पेनल्टी विसरत नाहीत. हँडबॉलमध्ये हे जास्तच लागू. लाइन "हँड! हँड!" ओरडते आणि शिट्टी आपोआप वाजते. बॉल हाताला लागला म्हणजे फाऊल झालाच असं नाही, हात कुठे होता, मुद्दाम नेला का, शरीर अनैसर्गिकपणे मोठं केलं का, हे बघायचं, आणि खांद्याचा भाग, काखेच्या खालच्या रेषेपर्यंतचा, हात धरत नाहीत.

पोट्ट्यांच्या बाबतीत एका ठिकाणी मात्र मी लवकर शिट्टी वाजवतो. दुखापत, त्यातही डोक्याला लागलेलं. दोन पोट्ट्यांची डोकी आपटली तर बॉल कोणाकडे आहे, गोल होणार आहे का, काही नाही, लगेच थांबवायचं. पोट्टा म्हणेल मी ठीक आहे, कोच म्हणेल ठीक आहे, फायनल आहे ना. तो गोंधळलेला वाटला, चक्कर येऊन राहिली म्हणाला, तर बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मॅच दुपारची असेल आणि ऊन असेल तर पाणी प्यायला थांबायचं आधीच ठरवून घे. कायद्यात साध्या पाण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि उन्हातल्या कूलिंग ब्रेकला ९० सेकंद ते ३ मिनिटं आहेत, आणि तो वेळ शेवटी जोडायचा.

लाइनवरच्या पालकांशी तू थेट भिडू नको. त्यांना कार्ड नसतं. कोणी हद्द सोडली, पोट्ट्यांना शिव्या देऊन राहिला, तर बॉल बाहेर गेल्यावर खेळ थांबव, स्पर्धेच्या माणसाला बोलव, "हे गृहस्थ मागे जाईपर्यंत सुरू करत नाही" एवढं सांग आणि शांत उभा राहा. दोन मिनिटांत बाकीचे पालकच त्याला मागे नेतात.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर परिपत्रक आज, मैदानावर तासभर आधी, ८ आणि ११ दोघंही कोरे, पाय लवकर, शिट्टी उशिरा, डोक्याला लागलं तर ताबडतोब. आता पेनल्टी किक्स, कारण दोन टीम सारख्या ताकदीच्या आहेत असं तू लिहिलं आहे आणि फायनल तिथपर्यंत जाऊ शकते.

पहिला टॉस कोणत्या गोलवर किक्स मारायच्या त्याचा. दुसरा टॉस जिंकणारा ठरवतो की आपण आधी मारायच्या की नंतर. मॅच संपताना मैदानावर जे होते तेच मारतील. एका टीमचे खेळाडू जास्त असतील, समजा दुसऱ्याचा एक लाल कार्डाने गेला, तर जास्तवाल्याने आपला एक कमी करून बरोबरी करायची. बाकीचे सगळे सेंटर सर्कलमध्ये, किक मारणाऱ्या टीमचा कीपर गोल लाइन आणि पेनल्टी एरियाची रेषा मिळते त्या कोपऱ्यावर. पाच-पाच किक्स, मग एक-एक. मॅचमधली पिवळी कार्डं इथे पुढे येत नाहीत, म्हणजे मॅचमध्ये पिवळं मिळालेल्या कीपरला इथे एक पिवळं मिळालं तर तो बाहेर जात नाही. हे २०२० पासून आहे, पाठ करून ठेव.

सगळ्यात जास्त घोळ कीपरच्या पायाचा होतो. किक मारताना त्याचा एक पाय तरी गोल लाइनवर, तिच्या सरळ वर किंवा तिच्या मागे पाहिजे. तो आधी पुढे आला आणि त्याने बॉल अडवला तर किक परत. पहिल्या वेळी ताकीद, पुन्हा केलं तर पिवळं. बॉल बाहेर गेला किंवा पोस्टला लागून आला तर किक परत नाही, कीपरच्या हालचालीने मारणारा स्पष्टपणे बिचकला असेल तरच. म्हणून मी किक्स सुरू व्हायच्या आधी दोन्ही कीपरना एकत्र बोलावतो आणि रेषा पायाने दाखवतो, "एक पाय इथे, मी बघणार आहे, दोघांनाही सारखंच." तेरा वर्षाचा पोट्टा हे ऐकून खरंच रेषेवर राहतो. किकला तुझी जागा अशी ठेव की रेषा डोळ्यात राहील, असिस्टंट शिकलेला असेल तर रेषा त्याला दे आणि मारणाऱ्याला तू बघ. आणि इथेही तेच, हा कीपर पुढे येणारच असं ठरवून बघशील तर तो न येताही आलेला दिसेल.

शेवटची किक झाल्यावर एक टीम नाचेल आणि एक टीम खाली बसेल. दोन्हीकडे जाऊ नको, मध्ये उभा राहून सगळे पोट्टे एकमेकांपासून नीट वेगळे होईपर्यंत बघ, भांडण बहुतेक त्या दोन मिनिटांत होतं. मग कार्डं, गोल, घटना लगेच कागदावर, घरी जाऊन नाही. कोणी पालक बोलायला आला तर नमस्कार कर आणि टेबलकडे पाठव.

झोपेचं विचारलं होतं तर आदल्या रात्री बॅग भरून ठेव: दोन शिट्ट्या, दोन घड्याळं, कार्डं, पेन, नाणं, सुके मोजे. सकाळची मॅच असेल तर तर्री-पोहे मॅचनंतर खा. आणि झोप नाहीच आली तर पडून राहा, एका रात्रीने काही होत नाही, फक्त मोबाइल दूर ठेव.

परिपत्रक हातात आलं की एक्स्ट्रा टाइमचं आणि बदली खेळाडू परत आत येण्याचं काय लिहिलं आहे ते टाक इथे, त्याप्रमाणे पुढचं सांगतो. आणि मैदान कोणतं तेही, पाऊस चालू आहे तर काही मैदानांच्या कोपऱ्यांबद्दल मला आताच सांगता येईल.